चार नंबरवरून खिडकी

९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

धाकट्याचा नमस्कार. तू माझ्याशी बोलत नाहीस हे मला ठाऊक आहे, पण पत्र वाचायला बोलावं लागत नाही, म्हणून लिहायला बसलो. तू भाचीकडे राहायला गेल्यापासून फोन केला की तीच उचलते आणि बिचारी दर वेळी सांगते, "मामा, आई अंघोळीला गेलीय." एवढ्या अंघोळी करून तू एव्हाना अर्धी झिजली असशील.

इकडे सगळं ठीक. बायकोचे गुडघे कुरकुरतात, पण तिच्यापेक्षा कमीच. दुकान चालू आहे. हल्ली गिऱ्हाइकं फोनवर चष्म्याची फ्रेम पसंत करून येतात. फोटोतल्या माणसाचं नाक आणि आपलं नाक एकच आहे अशी त्यांची समजूत असते. ती मोडताना माझी अर्धी दुपार जाते.

आता बातमी. मी रायफल घेतली.

साधीसुधी नाही. आपल्या रेंजवर आजवर कुणाकडे आली नाही अशी, आधीच हवा भरून ठेवायची आणि वर इलेक्ट्रॉनिक. किंमत विचारू नकोस, बायकोलाही अजून पूर्ण सांगितलेली नाही. ती आली त्या दिवशी मी दुकान दुपारीच बंद केलं. पेटी उघडली तर आत जाड फोममध्ये एकेक भाग आपापल्या खाचेत निजलेला. पहिल्यांदा फक्त बघत बसलो. बायको म्हणाली, "लग्नात माझ्याकडे असं बघितलं नव्हतंस." मी म्हटलं, तेव्हा तुझ्यासोबत माहितीपुस्तक आलं नव्हतं.

तुला आवडणार नाही ते आधी सांगतो. लाकूड नाही. दस्ता सगळा अ‍ॅल्युमिनियमचा आहे, जिकडेतिकडे स्क्रू आणि खुणा. गालाची पट्टी वर-खाली होते, खांद्याचा आकडा आत-बाहेर होतो, हाताची मूठ तिरकी करता येते. तू म्हणशील ही रायफल आहे की दवाखान्यातली खाट. मीही पहिल्या दिवशी तसंच म्हटलं. पण एकदा बसवून घेतली की ती अंगाचा भाग होते, हे तुला मान्य करावं लागेल. जुन्या रायफलीत आपणच स्वतःला बसवून घ्यायचो. मान वाकडी, खांदा वर, आणि घरी गेल्यावर शेक. ही माणसाच्या मापाने होते. मी आयुष्यभर लोकांच्या कानांच्या मापाने काड्या वाकवत आलो, त्यामुळे ही गोष्ट मला फार पटली.

नळीखाली हवेचा सिलिंडर आहे. तो रेंजवरच्या मोठ्या टाकीवरून भरायचा, हळूहळू, घाई केली तर तापतो. एकदा भरला की सगळा सराव होऊन वर उरते. आठवतं ना, जुनीची दांडी दर गोळीला ओढायची आणि सामना संपेपर्यंत तुझा दंड भरून यायचा? ते सगळं गेलं. टाकीतली हवा गाळून, कोरडी करून भरलेली असते. बायकोचं म्हणणं, घरात सगळ्यांत स्वच्छ हवा या बंदुकीला मिळते.

आणि ट्रिगर. ताई, ट्रिगरबद्दल मला नीट लिहायचंय, कारण खरी गंमत तिथे आहे. यात हातोडी नाही, स्प्रिंग सुटत नाही, आत काही आपटत नाही. बोट टेकवलं, मनात आलं, की विजेने आतली झडप उघडते आणि छर्रा गेलेला असतो. आवाज म्हणजे कुणी खोलीच्या दुसऱ्या टोकाला बाटलीचं बूच काढावं एवढा. धक्का नाहीच. नेम धरायची साइट जिथे होती तिथेच राहते. पहिल्या छऱ्यानंतर मला वाटलं, उडलीच नाही. दोरी ओढून कार्ड जवळ आणलं, तर भोक होतं.

अजून एक सोय आहे. एक बटण दाबलं की ती नुसती 'ड्राय' चालते. हवा नको, छर्रा नको, ट्रिगर मात्र तसाच टिक म्हणतो. दुकानात जेवणाच्या सुट्टीत शटर अर्धं खाली घेतो, भिंतीवर ठिपका काढलाय, त्यावर बोटाला शिकवत बसतो. माझं बोट अगदी बिगरीत बसलंय म्हण ना. पण शिकतंय हो. हिचा एकच धोका. गेल्या आठवड्यात रेंजवर टाकीवाला पोरगा एकटाच बघायला थांबलेला, मी रुबाबात उभा राहिलो, श्वास सोडला, असा नेम धरला की बास, आणि टिक. ड्राय काढायचं विसरलो होतो. पोरगा म्हणाला, "काका, छर्रा लाजला." दोन दिवस तेच चाललं होतं.

खोटं कशाला बोलू, दोषही आहेत. पेटीच्या कड्या तकलादू आहेत. चार्जिंगची वायर एवढी आखूड की रायफलला भिंतीशी चिकटून झोपावं लागतं. पडद्यावरचे आकडे मुंगीच्या पावलाएवढे. माहितीपुस्तक तर मी दुकानातलं भिंग घेऊन वाचलं. हातमोजाही नवा लागणार, तो अजून मिळालेला नाही. तोवर बायकोचा ओव्हनचा जाड मोजा घालून उभा राहतो. त्यावर फुलं आहेत.

पण सांगू का, अभिमान वाटतो. एकसष्टाव्या वर्षी माणूस नवीन काही शिकतो म्हटल्यावर वाटणारच. परवा सकाळी रेंजवर कुणी नव्हतं. माझ्या नेहमीच्या जागेवर, चार नंबरवर, उभा होतो. दोन छऱ्यांच्या मधे मान जरा उचलली तर खिडकीच्या कट्ट्यावर ते पिवळं मांजर बसलेलं, माझ्याकडे टक लावून. त्याच्यासमोर ओळीने दहावर दहा मारले. शेवटी तेच उठून गेलं.

पाच नंबर रिकामाच असतो. तिथे कुणी उभं राहिलं की मला चुकल्यासारखं होतं. सगळी ओळ एकमेकांच्या पाठी बघत उभी राहते, आणि आपण दोघंच असे की मी उजव्या खांद्याचा, तू डावखुरी, त्यामुळे समोरासमोर तोंडं करून उभे. सव्वीस वर्षं मी तुझं तोंड बघत नेम धरला. छर्रा सोडायच्या आधी तू खालचा ओठ दाबतेस. दाबला नाहीस की मला कळायचं, आता ही रायफल खाली घेणार. लहानपणी कात्री, पेन्सिल, चमचा, सगळं डाव्या हाताने धरायचीस म्हणून घरात तुला उफराटी म्हणायचे, आणि मी सगळ्यांत मोठ्याने ओरडायचो. त्या उफराटेपणामुळेच पुढे समोर कुणीतरी आपलं माणूस मिळालं, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं.

गेल्या वर्षीचा विषय मी काढणार नव्हतो. पण तो काढल्याशिवाय हे पत्र कशासाठी ते कळणार नाही. जोडीच्या सामन्यात माझा शेवटचा छर्रा तुझ्या कार्डावर गेला. आपलं कार्ड सोडून शेजारच्याच्या कार्डावर मारणं ही पहिल्या आठवड्यातल्या पोराची चूक. आपला चषक पोस्टमास्तर आणि त्याच्या बायकोकडे गेला, तोही इतकी वर्षं आपल्या कपाटात बसल्यावर. तू सगळ्या रेंजसमोर म्हणालीस, "तुझं मन लागत नसेल तर बंदूक खाली ठेव, माझा वेळ घालवू नकोस." मी रायफल पेटीत घालून घरी आलो. आजही त्यावर काही म्हणत नाही.

एवढंच लिहितो की सामना पुढच्या महिन्यात आहे आणि नावं या महिन्याअखेर द्यायची आहेत. दोघांनाही आधी सेक्रेटरीसमोर किमान गुण मारून दाखवावे लागतात. तुझे तर तू झोपेत मारशील. जोडी एकट्याची होत नाही, ताई. येशील का?

भाचीला आणि तिच्या पिल्लांना आशीर्वाद. पत्राचं उत्तर लिहायलाही अंघोळीतून बाहेर यावं लागतं, पण ये.

तुझा,
धाकटा


२३ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तुझं पाकीट काल मिळालं. दुकानात गिऱ्हाईक होतं, एक बाई, तिला पुढचा तक्ता वाचायला बसवलं आणि पाकीट फोडलं. आतून हातमोजा पडला. तुझा जुना, तळव्याला चामडं घासून काळं झालेला. सोबत चिठोरी, आणि त्यावर एकच ओळ: "चार नंबरवर उभं राहून तुला खिडकी कशी दिसते?"

ती बाई तक्ता वाचून थांबली होती. मी तिला पुन्हा पहिल्यापासून वाचायला सांगितलं. मला जरा वेळ हवा होता.

एवढं सांभाळून लिहिलं होतं ग मी. चार वेळा वाचून पाहिलं होतं. आणि ते पिवळं मांजर मला नडलं. खिडकी एक नंबरच्या भिंतीला, म्हणजे चार नंबरवर उजव्या खांद्याने उभा राहणाऱ्याच्या सरळ पाठीमागे. ती बघायची तर तुझ्यासारखं उभं राहावं लागतं. हे जगात दोनच माणसांना सुचलं असतं आणि त्यातला एक मी, मला लिहिताना सुचलं नाही. वर ओव्हनचा मोजा. रायफल पेलणाऱ्या डाव्या हाताचा माझा जुना हातमोजा धडधाकट असताना मी फुलांचा मोजा का घालतोय, हेही तुला पहिल्या वाचनातच कळलं असणार, म्हणून तू उजव्या हाताचा पाठवलास. तुझ्यापुढे काही लपवायचं म्हणजे दुकानाच्या काचेमागे लपण्यासारखं आहे.

तर ऐक. रायफल डावखुरी आहे. मागवतानाच तशी मागवली. माझा उजवा डोळा गेला.

गेला म्हणजे पूर्ण नाही. कडेचं सगळं दिसतं, मधलं दिसत नाही. जिथे बघावं तिथेच बोटाने पुसल्यासारखा डाग. पहिल्यांदा दुकानाच्या शटरच्या पट्ट्या मधोमध वाकड्या दिसल्या. मी शटरवाल्याला बोलावून भांडलो. तो बिचारा पट्टी लावून दाखवतोय, "साहेब, सरळ आहे हो." मग एकदा सहज डावा डोळा झाकून माझाच तक्ता बघितला. जन्मभर लोकांना एक डोळा झाकायला लावणारा मी, स्वतःचा कधी झाकला नव्हता. मधलं अक्षर नव्हतं. तिथेच मला समजलं काय ते, डॉक्टरांकडे मी नाव ऐकायला गेलो. वयाने होतं म्हणाले. इंजेक्शनं चालू आहेत. आहे ते टिकावं म्हणून, गेलेलं यायचं नाही.

हे गेल्या सामन्याच्या आधीचं आहे.

त्या दिवशी मी समोरचं कार्ड सरळ बघत नव्हतोच. मान जराशी तिरकी करायची, डागाच्या कडेने ठिपका पकडायचा, आणि निसटायच्या आत सोडायचा, असं करत करत मी शेवटच्या छऱ्यापर्यंत आलो होतो. ते गुण वाईट नव्हते, आठवून बघ. शेवटच्याला ठिपका सापडेचना. मान अजून वळवली, अजून थोडी, आणि एकदम एक ठिपका दिसला, स्वच्छ, काळा, गोल. इतक्या महिन्यांत तसा दिसला नव्हता. मला एवढा आनंद झाला की तो कुणाचा आहे हे मी बघितलंच नाही. दहा होता तो, ताई. तुझ्या कार्डावर होता, पण दहा होता.

मग तू मन लागत नाही म्हणालीस, आणि मला हायसं वाटलं. खरं सांगतो. मी मनाशी म्हटलं, म्हणू दे. निष्काळजी म्हणवून घेणं मला परवडत होतं. चष्मेवाल्याचाच डोळा गेला ही बातमी गावभर झाली असती तर दुकानाचं काय झालं असतं ते सोड. मला भीती तुझ्या चेहऱ्याची होती. तू पाच फुटांवर, तोंड माझ्याकडे करून उभी राहणार. तिथे सव्वीस वर्षं मी कधी कीव बघितली नाही. राग बघितला, तुच्छता भरपूर बघितली, मी हरलो की एक विशिष्ट हसू बघितलं. ते सगळं मला हवं होतं. कीव दिसली असती तर मी पुन्हा रायफल उचलली नसती.

आणि मग तू बोलायचीच बंद झालीस. हा हिशेब माझ्या डोक्यात नव्हता.

डाव्या खांद्यावर यायची कल्पना मला तुझ्यामुळेच आली, हे आता सांगायला हरकत नाही. मी विचार करत बसलो होतो की आता संपलं, आणि डोळ्यांसमोर तू उभी. सगळं उलटं करूनही माणूस किती नीट उभं राहतं, ते माझ्याइतकं कुणी जवळून बघितलंय? तुझा कोपर कुठे टेकतो, तुझी टाच कुठे वळते, सगळं पाठ होतं. मला फक्त ते अंगात घालायचं होतं. पहिले काही आठवडे रायफल दुसऱ्याचं मूल कडेवर दिल्यासारखी वाटायची, मलाही अवघड आणि तिलाही. जुन्या रायफलचा कडक ट्रिगर या डाव्या बोटाला कधीच जमला नसता, तो ओढताना सगळा हातच हलायचा. म्हणून इलेक्ट्रॉनिक. हिला ओढावं लागत नाही. आणि ड्रायमुळे हवं तेवढं गिरवता आलं. बायको मागे उभी राहून माझा डावा खांदा दाबून धरायची, "खाली, खाली," करत. तिला यातलं काही कळत नाही, पण माझा खांदा वर गेलेला तिला स्वयंपाकघरातूनही कळतो.

ती एवढी महागाची का, हेही तू मनात विचारलं असशील. डॉक्टर म्हणाले, "डावा डोळा आज स्वच्छ आहे. उद्याचं मी सांगत नाही." मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आलो, आधी साधी घ्या, सवय झाली की भारीतली बघू. स्वतःला ते सांगता येईना. मला भीती वाटते, ताई. सकाळी उठल्यावर उजवा झाकून शटरच्या पट्ट्या बघतो. सरळ दिसल्या की दुकान उघडतो.

आता मुख्य गोष्ट, जी लिहायला मी रेंजवरून आल्यापासून उतावीळ झालोय. आज सेक्रेटरीसमोर किमान गुण मारायला गेलो. चार नंबरवर जाऊन उभा राहिलो, डाव्या खांद्याने, तुझा हातमोजा घालून. तो मला आखूड होतो, पण तळव्याला तू घासून केलेला जो खळगा आहे, तिथे रायफल बरोबर जाऊन बसली. सेक्रेटरी माझ्याकडे बघून म्हणाला, "अहो चष्मेवाले, आज आरशात उभे राहिलात की काय?" मागे बाकावर पोस्टमास्तर आणि त्याची बायको मुद्दाम येऊन बसलेली. मी ड्राय काढलंय ना ते दोनदा बघितलं. मग कुणाचंच ऐकलं नाही.

किमान गुण मी दहाव्या कार्डाच्या आधीच ओलांडले. शेवट झाला तेव्हा उजव्या खांद्यावरच्या माझ्या सगळ्यांत चांगल्या दिवसापेक्षा तीनच कमी होते. सेक्रेटरीने कार्डं भिंगाखाली धरून पुन्हा मोजली. पोस्टमास्तर उठून आला आणि त्याने माझा हात हातात घेतला, तोही डावा. मी त्यांना डोळ्याचं सांगितलं. सगळ्यांसमोर, स्वतःहून. सेक्रेटरी पुन्हा कार्डांकडे बघायला लागला. शेवटी पोस्टमास्तरची बायको म्हणाली, "म्हणजे चषक जाणार आमचा." मला ते इतकं आवडलं की मी तिला फुकट चष्मा कबूल करून आलो.

मला माझा अभिमान वाटतोय. कुणाला तरी हे म्हणायचं होतं आणि ते तुलाच म्हणायचं होतं.

तुझं नाव मी जोडीत लिहून आलोय; तुझे किमान गुण तू आल्यावर घेईन म्हणाला सेक्रेटरी. विचारलं नाही. ज्या बाईने हातमोजा पाठवला तिला काय विचारायचं? तू सामन्याच्या आधी आठ दिवस ये, वरची खोली झाडून ठेवली आहे, तुझी जुनी रायफल बायकोने पुसून ठेवली आहे. हवी तर माझी मारून बघ. आता तीही तुझ्या खांद्याचीच आहे, फक्त गालाची पट्टी दोन खुणा खाली घ्यावी लागेल, आणि लाकडावरून मला बोलायचं नाही.

एकच गोष्ट बदलणार. पाच नंबर तुझाच, पण आता आपण समोरासमोर नसू. तू उभी राहशील तेव्हा तुला माझी पाठ दिसेल, आणि मला खिडकी. तू ओठ दाबलास की नाही, मला कळायचं नाही. हे मनात आलं तेव्हा फार वाईट वाटलं, नाही म्हणत नाही. पण मग आज उभा होतो तेव्हा वाटलं, इतकी वर्षं मी तुला बघून उभं राहायला शिकलो, आता जरा तू बघ मला जमलंय का. सरावात माझा खांदा वर गेला तर मागून हाक मार. जी मारायचीस तीच, मोठ्याने. कीव आली तर ती तिथेच मागे ठेव, मला दिसणार नाही.

स्टेशनवर मी येईन. गर्दीत मी तुला हुडकताना मान तिरकी केलेली दिसली तर समज की मी उजव्या डोळ्याच्या कडेने बघतोय, सवय गेली नाही अजून. तू आपली सरळ चालत ये.

वाट बघतो.

तू बघतेस त्याच दिशेला तोंड करून उभा,
तुझा उफराटा भाऊ